मातीला येणारी मालनआक्का

आमच्या खटाव तालुक्यात पुढारी कोण हे मतदानात ठरतं, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्यात ते आधी मातीला ठरतं. माती म्हणजे मयत. कुणी गेलं की गाडीच्या फुफाट्यासकट पुढारी येतात, नदीकाठी सरणाजवळ हात बांधून उभे राहतात, आणि कोण आला, कोण नाही, कोण चितेला अग्नी द्यायच्या आधीच सटकला, याची हजेरी अख्खं गाव मनात घेतं. तिसऱ्या दिवशी सावडायला, म्हणजे राख गोळा करायला, सगळे परत जमतात. तिथं माईक असतो, कर्णा असतो आणि श्रद्धांजलीची भाषणं असतात. गेलेल्याविषयी चार शब्द, स्वतःविषयी चाळीस.

आणि तिथं बाई नसते. बाई विसाव्यापर्यंत. विसावा म्हणजे वेशीबाहेरचा एक दगड; तिथं तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात, आणि बायका डोळे पुसत मागं फिरतात. पुढची वाट पुरुषांची.

मालनआक्का त्या दगडाच्या पुढं गेली. तिचं सगळं राजकारण तेवढंच, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. पण सुरुवात तिथनं झाली हे खरं.

मी तिची शेजारीण. माहेर सांगलीशेजारच्या माधवनगरचं, वडील गिरणीत. लग्न करून येरळाकाठच्या ह्या गावात आले आणि झेडपीच्या शाळेत बाई म्हणून लागले. तेव्हाची मी आठवले की अजून मला एकटीला हसू फुटतं. माधवनगरहून आले होते, पण रुबाब असा की सांगलीच्या संस्थानातनं नुकतीच उतरले आहे. हातात कायम छत्री. ज्या गावात लोक ढगाकडं बघून बघून म्हातारे होतात, तिथं माझी छत्री! बायका पाणी भरताना बोलायच्या तर मी मनातल्या मनात त्यांचं व्याकरण तपासायची. मालनआक्कानं मला पहिल्या आठवड्यातच विचारलं, "मास्तरीन, छत्री कशापायी? आभाळाला लाज वाटावी म्हनून व्हय?"

काळीसावळी, उंच, चालायला लागली की शेजारच्याला पळावं लागायचं. दार वाजवणं तिला माहीत नव्हतं, रस्त्यावरनंच हाक. बैठकीत बसली की ओटीत भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. समोरचा बोलतोय तोवर ही शेंगा फोडणार, टरफलं त्याच्याच कागदावर ठेवणार. तो खोटं बोलायला लागला की हिचं चावणं थांबायचं. ग्रामसेवक, इंजिनिअर, सभापती, सगळे बोलताना तिच्या जबड्याकडं बघायचे. आणि तो थांबला की एकच वाक्य: "झालं बोलून? आता माजं."

पहिल्यांदा गावाला बाईसाठी राखीव सरपंचपद आलं, तेव्हा गावच्या गटानं हिला निवडलं ते गरीब गाय समजून. नवरा महादेव, फौजेतनं हवालदार होऊन परतलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गटाचा हिशोब असा, की बाई सही करेल, फौजी मान हलवेल, कारभार आपण करू. पण फौजीनं त्यांचा घात केला. तालुक्याचा साहेब दारात येऊन त्यालाच "नमस्कार, सरपंच" म्हणाला, तर हा बाजेवर पितळी मगातला चहा पीत म्हणाला, "राँग पोस्ट, साब. मॅडम अंदर हैं." ग्रामसभेला तो यायचा आणि शेवटच्या रांगेत बसून हात वर करून प्रश्न विचारायचा. आक्का त्यालाही झापायची. "आवं फौजी, बसा खाली. इषय गटारीचा चाललाय, सरहद्दीचा न्हाई."

पाच वर्षं झाली. पुढच्या खेपेला सरपंचपद खुलं झालं. आक्का म्हणाली, मी उभी राहणार.

त्या संध्याकाळी अण्णासाहेबांनी तिला चावडीत बोलावलं. अण्णासाहेब म्हणजे आमचे आमदार. गाव आमचंच, पण वावर साऱ्या तालुक्यात. माणूस वाईट नव्हता. आवाज मऊ, मिशी जाड. चावडीबाहेर मीही इतर बायकांबरोबर उभी होते, अर्थात 'सहज तिकडनं चालले होते' असा चेहरा करून.

"मालन, तुजं काम चांगलं," अण्णासाहेब म्हणाले. "राखीव असतं तर परत तुलाच केलं असतं. पर खुल्या जागंला पुढारी लागतो."

"मग मी कोन हाय?"

"तू सरपंच. पुढारी निराळा. पुढाऱ्याला मानसाच्या मातीला उभं ऱ्हावं लागतं. तू तिथं कशी येनार?"

"अण्णा, मयत झाली की त्या घरात चूल पेटत न्हाई. पिठलं-भाकरी कोन नेतं? म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन कोन बसतं?"

"ते बायकांचं झालं," अण्णासाहेब म्हणाले. "ते धरत न्हाईत."

आक्का बाहेर आली. मी तिला शहाणपणानं समजावलं, "आक्का, परंपरा एका दिवसात बदलत नाहीत." तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी छत्रीच उघडली.

थोड्याच दिवसांत तुकातात्या गेले. अण्णासाहेबांच्या गटाचे जुने माणूस. तिरडी विसाव्याला टेकली, खांदे बदलले, बायका माघारी वळल्या. आक्का वळली नाही. पदर कमरेला खोचून सरळ पुढं चालायला लागली.

भजनाचे टाळ थांबले. तात्यांचे धाकटे भाऊ आडवे आले. "आवं सरपंचबाई, बायका हितनं फिरत्यात."

"फिरू द्या की. मी कुठं अडवलंय?"

"तसं न्हवं. बायकांचं काळीज मऊ असतं. सरान पेटलेलं सोसत न्हाई."

"भावजी," आक्का म्हणाली, "तुमच्या वहिनीनं तात्याला उभा जन्म सोसलं. सरान काय अवघड हाय?"

खांदेकऱ्यांतला एक जण फिसकन हसला. मग दुसरा. तिरडीसकट हसू हललं. पुढच्या खांद्याला फौजी होता, तो मागं न बघता एवढंच म्हणाला, "रास्ता दो." आणि रस्ता झाला.

हे मी विसाव्यापाशी उभी राहून पाहिलं. पुढं जायची छाती मला कुठली? घरी पळत आले आणि दोनदा आंघोळ केली, जणू मीच सरण रचून आले होते. नदीकाठी काय झालं ते फौजीनं सांगितलं. पुरुषांना हिला कुठं उभं करावं तेच कळेना. हिच्याभोवती आपोआप मोकळं रिंगण झालं. ती त्या रिंगणात शेवटपर्यंत उभी राहिली आणि सगळ्यांनंतर परतली.

त्या वर्षी पाऊस आला नाही. गाव म्हणालं, बाई मातीला गेली म्हणून. आमच्यात बहुतेक वर्षी येत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आक्काच्या ध्यानात होतं. प्रचाराला ती म्हणाली, "मी पाऊस थांबवू शकते असं तुमीच म्हनताय, मग गावाची टँकरची लाइन थांबवू शकनार न्हाई व्हय?" खुल्या जागेवर ती निवडून आली. मग पंचायत समिती, मग झेडपी.

मातीला जाणं काही तिनं सोडलं नाही. मुलाणी चाचा गेले, तेव्हा मात्र तिनं आधी त्यांच्या वडीलधाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "आक्का, आमच्यात बायका कब्रस्तानात येत न्हाईत." "तुमचा कायदा तुमी ठरवा," ती म्हणाली, "मी भाईर रस्त्यावर उभी ऱ्हाते. रस्ता झेडपीचा हाय." दफन होईपर्यंत भिंतीबाहेर उन्हात उभी होती. चाचांचा थोरला मुलगा बाहेर आला तेव्हा त्यानं आधी हिला पाणी दिलं.

सावडायला भाषण करायची पहिली पाळी आली, तेव्हा ती माझ्याकडं आली. मला कोण आनंद! आता बघाच म्हटलं. दोन पानी भाषण लिहिलं. 'काळाच्या क्रूर पंजाने', 'स्मृतीच्या गंधकोशी', असं एकेक वाक्य की मला स्वतःलाच हुंदका आला. गेले होते रामूनाना, बांधावरनं भांडणारे. आक्कानं कागद घेतला, वाचला, म्हणाली, "लय भारी हाय गं मास्तरीन. पर हे नाना न्हवंत." आणि त्या कागदाचा द्रोण करून शेंगा भरल्या.

माईकवर ती म्हणाली, "नाना लय भांडकुदळ. दर साली माजा बांध टोकरून आपल्या रानात घ्यायचा. मी बी त्याचा टोकरायची. पर त्याच्या हिरीवर पान्याला आलेल्या बाईला त्यानं कवा जात इचारली न्हाई, कवा परत लावलं न्हाई. एवढं आपन सगळी करतो का, ते राख सावडताना ज्यानंत्यानं बघा." पुरुष आधी हसले, मग माना खाली घालून राख सावडायला लागले.

आणि मग तिनं ती गोष्ट केली जी दुसऱ्या कुठल्या पुढाऱ्यानं केलेली मी ऐकली नाही. सावडणं आटोपून ती थेट नानांच्या घरी गेली, स्वयंपाकघरात बायकांत बसली आणि नानांच्या बायकोला म्हणाली, "तिकडं काय बोलले ते तुला सांगाया आले. तुज्या नवऱ्याबद्दल बोलले, तुलाच कळंना म्हंजी काय?" आणि सगळं भाषण परत, शब्दाला शब्द, बांधासकट. नानांची बायको रडता रडता म्हणाली, "टोकरायचा खरा मेला." इतर कोण पुढारी काय काय बोलला तेही आक्का सांगायची, नकला करून. कोण स्वतःचीच टिमकी वाजवत होता, कुणाला गेलेल्याचं नावही आठवलं नाही. पुढं पुढं असं व्हायला लागलं, की नदीवर बोलणारे पुढारी आक्का समोर बसली आहे म्हटल्यावर जरा जपून बोलायचे. आपलं भाषण चुलीपर्यंत जाणार, हे त्यांना कळून चुकलं होतं.

झेडपीत तिनं काय केलं त्याची यादी मी देत बसत नाही. शाळांत मुलींचे संडास आणि रस्ते हे तर दगडावर कोरलेलं आहे. मला तिची भूक माहीत होती. आमदारकी. आणि तीसुद्धा राखीव-बिखीव नाही, उघड्या मैदानात. ती मागायला गेली की अण्णासाहेब मिशीवरनं हात फिरवायचे. "मालन, पुढच्या खेपेला." सभेत तिची ओळख करून देताना मात्र 'आमच्या भगिनी', 'मातेसमान मालनआक्का', 'ज्येष्ठ समाजसेविका' असलं सगळं यायचं. पुढारी हा शब्द काही कुणाच्या तोंडातनं निघायचा नाही. ती म्हणायची, "सगळ्या नात्यानं बोलवत्यात गं. कामाच्या नावानं एक बी हाक न्हाई."

मग एका उन्हाळ्यात अण्णासाहेबच गेले, आमदारकीची मुदत संपायच्या आत.

तिसऱ्या दिवशी सावडायला साताऱ्याहून, सांगलीहून इतक्या गाड्या आल्या की येरळेच्या कोरड्या पात्रात पार्किंग केलं. विसाव्याच्या दगडापाशी आम्ही बायका बसलो होतो. मधोमध अण्णासाहेबांची एकुलती एक मुलगी. वडिलांच्या संस्थांचा कारभार ती बघायची, पण त्या दिवशी तिची जागा आमच्यात. कर्णा लावला होता, त्यामुळं नदीवरचं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं.

भाषणांवर भाषणं झाली. आणि एका मोठ्या पाहुण्यांनी अण्णासाहेबांच्या पुतण्याचा, विक्रमचा, हात धरून वर केला. "अण्णांचं अपुरं स्वप्न आता विक्रमबाबा पुरं करतील. आजपासून सगळ्यांनी त्यांच्या पाठीशी उभं राहायचं." आमच्यात वारस असाच जाहीर होतो, राखेच्या साक्षीनं. माझ्या शेजारी ती मुलगी जमिनीकडं बघत बसली होती.

कर्ण्यातनं खरखर ऐकू आली. मग सूत्रसंचालकाचा दबका आवाज, "आक्का, नावं संपली. वेळ झाली."

"कुनाची?" हा आवाज मात्र दबका नव्हता. माईक तिच्या हातात गेला होता.

"अण्णासाहेबांनी ह्या तालुक्यात पानी यावं म्हनून पाय झिजवलं, हे खरं. मला तिकीट दिलं न्हाई, हे बी खरं. मेलेल्या मानसाबद्दल अर्धं खरं बोलू नये, म्हनून दोन्ही सांगितलं. आता जित्यांचं. मी लय वरसं इचार करत हुते, बायकांना हितं का येऊ देत न्हाईत. तुमी म्हनायचा, काळीज मऊ असतं. आज उलगडा झाला. हितं माती व्हतच न्हाई. हितं बैठक व्हती! राख अजून ऊन हाय, आनि तुमी मानूस बसवून मोकळं. ज्या लेकीचा बाप गेला ती तिकडं धोंड्यापाशी बसलीया, तिला इचारलं कुनी? ती उभी ऱ्हाती म्हनली तर मी तिचा परचार करीन. न्हाईतर मी उभी ऱ्हानार. राखीव न्हाई, कुनाची भगिनी म्हनून न्हाई. झालं माजं बोलून. आता तुमचं."

आणि विसाव्यापाशी कुणीतरी टाळी वाजवली. सगळ्या बायका माझ्याकडं वळून बघायला लागल्या तेव्हा मला कळलं, की ती मी होते. सुतकाच्या घरची माणसं बसलेली, आणि नात झालेली ही मास्तरीण टाळ्या वाजवतेय! मी हात पदराखाली लपवले. अण्णासाहेबांच्या मुलीनं मात्र माझ्याकडं बघितलं आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठाचा कोपरा हलला. ती उभी राहिली नाही निवडणुकीला. पण त्या दिवशी उठली आणि दगड ओलांडून वडिलांच्या राखेकडं चालत गेली. तिला अडवायला कोणी आलं नाही.

आक्का अपक्ष उभी राहिली आणि पडली. आमच्या गावात पुढं, वडूजच्या बाजूला बरोबरीत, म्हसवडच्या बाजूला सपाट. मी तोंड पाडून गेले, तर फौजी सगळ्यांना चहा वाटत होता आणि ही शेंगा फोडत होती. "तोंड का असं केलंस?" मला म्हणाली. "बसलेली बाई पडत न्हाई, मास्तरीन. पडायला आधी उभं ऱ्हावं लागतं." दुसऱ्या दिवशी म्हसवडकडच्या एका वाडीत माती होती. गेली. तिथं तिला एकही मत पडलं नव्हतं.

मी निवृत्त होऊन मुलाकडं सांगलीला आले, आणि अलीकडच्या दिवाळीनंतर कळलं की आक्काला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलंय. पोटाचं दुखणं, वाढलेलं. मी रोज डबा घेऊन जायची. बायकांचा वॉर्ड, दोन्ही भिंतींना खाटा, आणि ही मधल्या खाटेवर, निम्मी झालेली. फौजी बाहेरच्या बाकावर ताठ बसलेला.

झेडपीच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या, उमेदवारीचे फॉर्म भरायचे दिवस होते. आमचा गट, म्हणजे झेडपीचा मतदारसंघ, खुला होता. एका सकाळी विक्रम आला. आता तो आमदार. हातात शहाळी, मागं चार कार्यकर्ते, ते दारातच थांबले. उशाशी बसून मायेनं म्हणाला, "आक्का, आता आराम करा. गटाचं मनाला लावून घेऊ नका. आमी बघतो."

आक्कानं शहाळी बाजूला सारली.

"माज्या जागंवर कोन, ते ठरलं व्हय रं?"

"आक्का, काय बोलताय..."

"मग सावडायला भाषन बी तूच करनार असशील. काय बोलनार हायस?"

विक्रम हसला. ती हसली नाही.

"बोल की. मेल्यावर मला ऐकू येनार न्हाई, आनि चुकलास तर दुरुस्त कोन करनार? ऊठ. बसून कुनी श्रद्धांजली करतं का?"

आमदार उठला. काय करील? अख्खा वॉर्ड बघायला लागला होता. त्यानं घसा साफ केला. "आज आपल्या सर्वांच्या मातेसमान..."

"तुजी आई जित्ती हाय. तिलाच म्हन."

"ज्येष्ठ समाजसेविका..."

"न्हाई."

"आमच्या भगिनी..."

"तुजी भन बापाच्या मातीला विसाव्यापाशी बसवली हुतीस. पुढं."

दारातले कार्यकर्ते जमिनीकडं बघत होते. मी डब्याचं झाकण गच्च धरून ठेवलं होतं, नाहीतर परत टाळी वाजवली असती. शेवटी तो हळूच म्हणाला, "आमच्या विरोधात उभ्या राहिलेल्या... पुढारी मालनआक्का."

"मोठ्यांदा. मागच्या खाटंवरच्या बायकांना ऐकू गेलं न्हाई."

"पुढारी मालनआक्का!" तो जोरात म्हणाला, आणि मग, खरं सांगते, त्याला सूर सापडला. बोलत गेला. टँकर, संडास, रस्ते, त्याच्या चुलत्याशी घातलेले वाद, निवडणुकीत त्याला फोडलेला घाम, सगळं बोलला. अर्धं खरं नाही, पुरतं. नर्स हातात सुई घेऊन तशीच थांबली. बायका उठून बसल्या, एकीनं सवयीनं पदर डोळ्याला लावला. आक्का डोळे मिटून ऐकत होती. एका ठिकाणी बोट वर करून तिनं त्याला थांबवलं, गावाचं नाव दुरुस्त केलं, आणि परत डोळे मिटले.

त्यानं हात जोडून संपवलं. वॉर्डातल्या बायकांनीही हात जोडले. कोपऱ्यातल्या खाटेवरची एक आजी, कानानं अधू, नुकतीच जागी झालेली. तिनं सगळ्यांचे चेहरे बघितले आणि घाबरून विचारलं, "कोन गेलं गं बाई?"

आक्कानं सलाइन लावलेला हात वर केला.

"मी," म्हणाली. "पर आधी फॉर्म भरते."